लाल दिवा

पारोळ्याच्या सरकारी दवाखान्यात
लेबर रूमच्या दारावर दिवा नाही.
केशरबाई तरी वर बघत बसलेल्या.
"सिस्टर, लाल दिवा कव्हय लागी?"

कॉरिडॉरमधल्या टीव्हीत
एक बाई जाहिरातीआधी कळा देते,
जाहिरातीनंतर बाळ.
लिपस्टिक जागच्या जागी.
डॉक्टर मास्क काढून विचारतो,
वाचवू कुणाला, आई की मूल?
मला सव्वीस वर्षांत
हे कुणाला विचारावं लागलं नाही.

आत त्यांची सून वैजंता, पहिलटकरीण,
रात्री दोनपासून चार सेंटीमीटरवर अडलेली.
सलाईन लावायला गेले तर हात आखडला,
"म्हणजे आता कापणार?"
तिनं तेवढंच पाहिलेलं:
सुई, धावपळ, कात्री, काचेपलीकडे रडणारा नवरा.

मी थेंब मोजले. तिला कुशीवर वळवलं.
कंबर चोळली. अर्धं केळं दिलं.
पुन्हा थेंब मोजले.
याचा एपिसोड कोण करणार?

साडेअकराला आली.
जांभळी, लिबलिबीत, डोकं लांबुडकं.
केशरबाईंच्या ओटीत ठेवली तर दचकल्या,
"एवढुशी? आणि दिवा?"

आतून वैजंताचा आवाज,
"मन्ही चप्पल कोठे शे?"