वहीतला आकडा

बाबांची क्राग माझ्याकडे आली ऑगस्टच्या शेवटी,
सोबत पितळी केसांचा डबा, निळ्या रेघांची वही
आणि फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेली पाच काडतुसं,
त्यांनी स्वतः भरलेली, शेवटची.

रेनदालेनच्या खोऱ्यात सगळे म्हणत, हालस्टाइन कडक भरतो.
शिकारीच्या खोपटात चुलीवर कॉफी उकळत असताना
ते आकडा सांगायचे, आर्नफिन शीळ घालायचा.
वहीतही तोच आकडा,
खाली दोनदा रेघ.

पण ही बंदूक माझ्या आजोबांच्याही आधीची.
नव्या बंदुकांचा बोल्ट दोन खुंट्यांवर धरलेला असतो, कधी तीन,
हिचा एका.
त्या खुंटीच्या बुडाशी मी भिंगातून तडा शोधला,
रॉकेलचा बोळा फिरवून, पुसून, परत बघून.
तडा नव्हता.
म्हणजे आजवर नव्हता.

घसा मात्र झिजलेला.
घसा म्हणजे गोळी नळीच्या पिळांत शिरते ती जागा.
आखूड, टोकदार गोळी तिथवर पोचताना उडी मारते
आणि वाकडी शिरते.
हिला लांब, बोथट नाकाची, जड गोळी लागते,
घाई नसलेली.
कायद्याला पुरेल इतका जोर, खुंटीला सोसेल इतका दाब,
मधे उरते ती फट
माझ्या तराजूच्या काट्याएवढी.

आणि बाबांची दारू आता मिळत नाही.
आकडा आहे, पण ज्याचा आकडा तेच नाही.

रविवारी मी ती पाच काडतुसं उलगडली.
प्लास्टिकच्या हातोड्यात एकेक अडकवून ओंडक्यावर आपटलं.
"काय मोडतेस?" योरुन जिन्यावरून ओरडली.
गोळी सुटली, मागून करडे कण पडले ताटलीत.
सोनार गुंजेनं तोलतो तसं मी तोललं.
काटा आकड्यापर्यंत गेलाच नाही.
बराच खाली थांबला.

दुसरं तोललं. तिसरं.
पाचही तिथेच, केसभर इकडेतिकडे नाही.
चूक असती तर पाच निरनिराळ्या चुका असत्या.

म्हणजे चाळीस वर्षं
खोपटात एक आकडा
आणि तळघरात दुसरा.

मी हसले. मग गप्प बसून राहिले,
कारण आठवलं, ते बोल्ट दोन बोटांनी उघडायचे,
साखरेच्या डब्याचं झाकण काढावं तसा.
कडक भरलेलं काडतूस असं सुटत नाही,
त्याला तळहाताचा धक्का लागतो.
मी शेजारीच उभी असायचे, रिकाम्या केसा वेचत.
मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जुनी दारू करंटच्या झुडपांखाली भुरभुरली.
नवा डबा उघडला, पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या ओळीपासून निघाले,
एका पायरीची पाच काडतुसं, मग पुढची पायरी.
प्रत्येक रिकाम्या केसेचं बूड बघायचं,
प्रायमरची कड गोल आहे का, की चपटी होत चाललीय.
चौथ्या पायरीवर कागदावरची पाच भोकं
एका अंगठ्याखाली झाकली गेली.
पुस्तक म्हणत होतं, अजून वर जागा आहे.
असू दे.
वहीत मी खरा आकडा लिहिला, पेन्सिलीनं,
रेघ न मारता.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी दलदलीच्या काठाला
एक मूस उभा राहिला, आडवा, ऐंशी मीटरवर.
एकच बार. तो चौदा पावलं चालला आणि गुडघ्यांवर आला.
बोल्ट दोन बोटांनी उघडला.

रात्री खोपटात आर्नफिननं विचारलंच,
"किती भरलंस गं?"
मी कॉफीचा पेला ओठांपाशी धरून ठेवला.
"बाबांइतकंच," म्हणाले.
त्यानं शीळ घातली.