शून्य कुठं धरायचं

टेपचं टोक साहेबांनी माझ्या हातात दिलं,
म्हणाले, घराला धर.
मी शिपाई नाही, पंच नाही.
चक्कीवरून दळण घेऊन चाललो होतो,
डबा सायकलला, भुवयांवर पीठ.
जवळ उभा होतो, एवढंच.

फाट्यावर ठवकरांच्या वावरात पेट्रोल पंप येणार
आणि पंपापासून पहिलं घर किती लांब
ते कागदावर पाहिजे.
पहिलं घर वच्छलाबाई कुंभरेचं.
मी भिंतीला टोक लावलं.

"भित्तीले काहून धरतं बे?"
ती ओट्यावरून उठली.
"घर का भित्तीपासून सुरू होते?
एप्रिल लागला का माही बाज कुठं असते, सांग याले.
निंबाखाली. तिथं धर."

मी निंबाखाली गेलो. टेप मध्ये झोळीसारखा लोंबला.
"बाई, झाडाला घर म्हणत नाहीत."
"मंग रात्री दहाले या.
म्हणता का नाई, पाहू."

तोवर अर्धी वस्ती जमली.
मेश्रामच्या म्हशीचा खुंटा निंबाच्या पुढं सात पावलं,
म्हैस घरची, तर खुंटा कोणाचा?
चंद्रकलाच्या कुरड्या त्याच्याही पुढं वाळत होत्या,
टँकर उभा राह्यला तं वास लागन, ती म्हणे,
लेकीच्या सासरी पाठवाच्या आहेत.
रामटेके मास्तर म्हणाले ओटा धरा,
ओट्याला कायदा मानतो.
मग जरा थांबून म्हणाले, मानत असावा.
प्रत्येक जण मला दंडाला धरून
आपापल्या घराच्या सुरुवातीला नेत होता.
सोनबा ठवकर धुऱ्यावर छत्री घेऊन उभा,
जमीन विकून झालेला माणूस उभा राहतो तसा,
कोणाकडंच तोंड नाही.

निकेश गाडीवर बसून होता. उतरला नाही.
"ठेवा ना बावा कुठंतरी शून्य, पण ठेवा.
ताईले दवाखान्यात नेतानी गाडी नाल्यावर बंद पडली,
पंप चौदा किलोमीटर.
गावात बाटलीनं भेटते, एकशे चाळीस रुपये,
त्यात अर्धं रॉकेल.
ते चुलीपासून किती मीटर हाये
ते मोजलं का कोणी?"

कोणी बोललं नाही.
वच्छलाबाईच्या ओट्यावर, खिळ्याला,
चार बाटल्या लटकत होत्या, पाण्याच्या,
आत पिवळं.
उन्हात त्या एवढ्या स्वच्छ दिसत होत्या
की आजवर दिसल्या नव्हत्या.
तिनं पदर सारखा केला.
"पोराची फी त्याच्यातूनच भरली म्या,"
ती म्हणाली, हळू,
आम्हाला नाही, बाटल्यांना.

साहेबांना घाम आला होता. फोनही दोनदा आला.
भिंतीपासून एक आकडा, निंबापासून दुसरा,
खुंट्यापासून तिसरा, तो त्यांनी ऐकलाच नाही.
कागदावर एकच चौकोन होता.
त्यात काय लिहिलं
ते मी उभा होतो तिथून दिसलं नाही.
"सोड," म्हणाले.
मी सोडलं. टेप सर्रकन घरी गेला,
जाताना माझ्या बोटाची कातडी घेऊन.
शून्यावर पीठ होतं आणि थोडं रक्त,
साहेबांनी रुमालानं पुसलं.

रात्री नाल्याकडून परत येताना पाहिलं,
ओट्यावरचे खिळे रिकामे होते.
वच्छलाबाईची बाज निंबाखाली नव्हती,
ती पार पुढं, धुऱ्याला खेटून,
मच्छरदाणीसकट.
आतून आवाज आला, "कोण हाये?"
"मी."
"बोट कसं हाये?"
"बरं आहे."
"मंग उभा काहून? ये ना."

मी बाहेर होतो की तिच्या घरात
अंधारात कळेना.
चप्पल काढली.