पेटी क्रमांक अकरा

डेल्फिनाच्या वहीत पाऊस कमी आहे.
एप्रिल: नाही. मे: नाही.
जून: चार थेंब, ट्रकच्या टपावर मोजले.
पण अंडी आहेत. पेटी तीनमध्ये पाच,
सातमध्ये सहा, त्यातलं एक पांढरं.
आणि समासात, पेन्सिलीनं:
"नर आज वाऱ्यात जागच्या जागी थांबला.
खांबाशिवाय."

न्यू मेक्सिकोच्या या भाजक्या टेकड्या,
बुटके जुनिपर, चौदा मैल तारेचं कुंपण,
त्यावर एकोणीस लाकडी पेट्या,
आणि तिच्यामागं आता मी,
ज्याला चिमणी आणि चंडोल
आयुष्यभर एकच वाटत आले.

शेवटच्या महिन्यात म्हणाली,
"त्रांकिलिनो, निळ्याला भाळू नकोस.
त्या पिसात निळा रंग नसतोच.
कुटून बघ, तपकिरी भुकटी होते.
उजेड तिथे अडखळतो, एवढंच."
मला वाटलं, गोळ्या बोलताहेत.

जानेवारीत तीन रात्री गोठवणारा वारा.
चौथ्या सकाळी अकराव्या पेटीचं झाकण उचललं:
नऊ जण, डोकी आत, शेपट्या बाहेर,
खणात कोंबलेल्या मोज्यांसारखे.
आठ उडाले, माझ्या गालाला वारा घालत.
नववा तळाशी.
सगळ्यांच्या खाली, म्हणजे सगळ्यांत उबेत.
तरी.

एक पीस घेतलं. उन्हासमोर धरलं:
वाळल्या तंबाखूचं पान.
मनगटावर ठेवलं: निळं.
पुन्हा उन्हासमोर. पुन्हा मनगटावर.
एकसष्ट वर्षांचा माणूस कुंपणाशी उभा राहून
मेलेल्या बहिणीला खोटं पाडू पाहत होता.

वर जुनिपरच्या शेंड्याला त्यांचाच चुलत,
कस्तुरांच्याच घराण्यातला,
पण ज्याच्यावर कुणी रंगाचा खर्च केला नाही असा.
राखी अंग, डोळ्याभोवती पांढरं कडं.
एकांडा म्हणायची ती त्याला.
एक झाड धरतो, हिवाळाभर तिथलीच फळं राखतो,
आणि कुणी जवळ आलं की एकच सूर,
तेल न घातलेल्या बिजागरीचा.

जमीन उकरता येईना. नवव्याला दगडाखाली ठेवलं.
परत येऊन झाकण लावलं.
ते कुरकुरलं.
शेंड्यावरून उत्तर आलं.

पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं.
पुन्हा आलं.

किती वेळ हे चाललं, ते लिहिलेलं नाही.
वहीत तिच्या अक्षराखाली माझं अक्षर, जरा मोठं:
पेटी अकरा: आठ.
पाऊस: नाही.
बिजागरीला तेल देऊ नये.