आठ पानं

हामुराबाईंचा फोन आला तेव्हा मी सोबा गाळत होते.
'मिठाचं राज्य'चा पाचवा भाग येतोय,
त्याच्या आगेमागे एक मांगा-संग्रह काढायचाय.
एकवीस चित्रकार, प्रत्येकी आठ पानं.
हसवा, रडवा, फक्त राजकन्येचं लग्न लावू नका,
कंपनीला चालत नाही.
"खेळलायत ना सगळे भाग?"
मी म्हटलं, हो तर.
चाळणीतली वाफ चष्म्यावर आली.

खोटं होतं ते.
योकोतेच्या घरात कंट्रोलर एकच, आणि तो तोशिनोबुचा.
मी मागे बसून त्याच्या मानेवरचा तीळ बघत मोठी झाले.
तो आंघोळीला गेला की माझं राज्य:
दहा मिनिटं, फार तर बारा.
तेवढ्यात पहिलं गावसुद्धा ओलांडून होत नाही.
भट्टी, विहीर, भिंतीवर आपटत राहणारी एक कोंबडी,
आणि वेशीबाहेर नदी, नदीवर नावाडी.
जवळ जाऊन बटण दाबलं की म्हणायचा,
"आज पाणी चढलंय. उद्या या."
मी उद्या जायचे.
"आज पाणी चढलंय. उद्या या."

तेव्हा राक्षस, तलवारी, चौथ्या भागातली ती फितुरी
जिच्यापायी म्हणे लोकांनी आठवडाभर जेवण टाकलं,
ते सगळं बाकीच्या वीस जणांना.
मी नावाडी घेतला.

इताबाशीत, लाँड्रीच्या वरच्या खोलीत,
मशीन फिरायला लागलं की रेघ थरथरते,
म्हणून रात्री काढला.
त्याला घर दिलं. बायको दिली.
ती विचारते, रात्री काय करू जेवायला?
तो म्हणतो, आज पाणी चढलंय.
ती मुकाट्यानं तांदूळ धुवायला घेते.
पाचव्या पानावर तो आरशासमोर उभा राहून
दुसरं वाक्य घोकतो: आज ऊन छान पडलंय. चला, बसा.
जीभ वळत नाही.
आमची पानं उजवीकडून डावीकडे वाहतात,
नदीही तशीच वाहिली,
आणि सातव्या पानाच्या डाव्या कडेला
मी नुसता कागद ठेवला.

"समोरचा काठ राहिलाय," हामुराबाई म्हणाल्या.
"नाही. तो तसाच आहे."
बराच वेळ त्यांच्या पेनाचं टोपण वाजत राहिलं.
"बरं. पण राजकन्या एकदा तरी? मागून? लांबून?"
मी तिचा टॉवेल वाळत घातला, सहाव्या पानावर.

पुस्तक आलं. मी तेरावी.
माझ्या आधी कांद्याच्या सूपवरचा विनोद, नंतर एक युद्ध.
शेवटी प्रत्येकाला तीन ओळी, स्वतःविषयी.
तिथे मी कबूल करून टाकलं होतं,
दहा मिनिटांचं.

पहाटे चारला फोन. तोशिनोबु कधी फोन करत नाही.
बर्फ लोटायच्या गाडीत होता, इंजिन धडधडत होतं.
"कोपऱ्यावरच्या दुकानात मिळालं. नावाडी बरा आलाय."
मग, "तिसऱ्या भागात नेतो तो पलीकडे. माहीत नाही तुला?"
नाही.
"काही नाहीये तिकडे. एक बाक आहे."
वायपर दोनदा फिरला.
"आणि दहा मिनिटं नव्हती ती.
एकदा तर पाऊण तास बसलो होतो आत.
पाणी पार गार व्हायचं माझं."

मी काही म्हणायच्या आत
"ठेवतो," म्हणाला, "शाळेकडचा रस्ता राहिलाय."

सातवं पान उघडून बसले आहे.
बाकाला पाठ होती का,
ते विचारायचं राहिलं.