सतरावा प्रश्न

‘न थांबता तुम्ही किती अंतर चालू शकता?’
हा अर्जातला सतरावा प्रश्न.
ग्विलिमनं लिहिलं, ‘कुठं, त्यावर अवलंबून.’
कार्डिफहून अर्ज परत आला.
उत्तर मीटरमध्ये हवं होतं.

माझी नोकरी ही अशी,
माणूस आणि मीटर यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसायची.

एकतीस वर्षं तो पाव भाजतोय
ॲबरिस्टविथच्या एका बोळात, समुद्राकडे पाठ करून.
आता उजवा हात थरथरतो.
सही दर महिन्याला बारीक होत चाललीय.
फाइलीतल्या सह्या मी एकाखाली एक लावून पाहिल्या:
जानेवारीतली ऐसपैस, पाय पसरून बसलेली,
जूनमधली, मुंगीला वाट सापडली नसावी तशी.
कणीक मळताना मात्र हात गप्प असतो.
‘पिठाला अजून कळलेलं नाही,’ तो म्हणतो,
‘तुम्ही सांगू नका.’

मिसेस प्रोबर्ट, मालकीण, वाईट बाई नाही.
तिला भीती आहे ती तापल्या भट्टीची,
जड ट्रेची,
आणि मधेच खिळा ठोकल्यासारखा उभा राहणाऱ्या त्याची.
‘अशा वेळी मी काय करू? मागून ढकलू?’
माझ्या पिशवीत सात माहितीपत्रकं होती.
एकातही याचं उत्तर नव्हतं.

त्या संध्याकाळी तो मला बसपर्यंत सोडायला आला.
फुटपाथवर पाय चिकटले.
कुत्रं घेऊन चाललेला एक म्हातारा आम्हाला वळसा घालून गेला.
समुद्रपक्षी ओरडत होते, मी घड्याळ पाहायचं टाळत होते.
मग कसाबसा रस्ता आला,
रस्त्यावर पांढरे पट्टे,
आणि हा माणूस
लग्नघरी निघाल्यासारखा
टपाटप सहा पावलं टाकून पलीकडे!
पलीकडे पुन्हा पुतळा.

आम्ही दोघांनीही मागं वळून त्या पट्ट्यांकडे पाहिलं.
कोणीच काही बोललं नाही.
माझी बस गेली.

पिवळी चिकटपट्टी, दोन रोल.
पैसे परत मिळवायचा वेगळा अर्ज असतो, तो मी भरला नाही.
रविवारी दुकान बंद असताना गुडघ्यांवर बसून
त्याच्याच बुटानं माप घेत चिकटवल्या:
भट्टीपासून टेबलापर्यंत चौदा,
टेबलापासून मोरीपर्यंत नऊ.
गोळीच्या वेळेशी भांडून पाळी तासभर पुढं ढकलली.
मिसेस प्रोबर्ट म्हणाली, ‘शाळेच्या पटांगणासारखं दिसतंय.’
पण पुसा असं म्हणाली नाही.

तिसऱ्या आठवड्यात गेले
तेव्हा पट्ट्यांच्या कडा सुटल्या होत्या, खाली पीठ शिरलं होतं.
येस्टिन म्हणून नवा पोरगा आहे,
कोणी बघत नाहीसं पाहून तो फक्त पिवळ्यावरच पाय देतो.
ग्विलिम ट्रे घेऊन दारात आला,
जिथं पट्टी लावायची मी विसरले होते,
आणि थांबला.
मी उठणार, तेवढ्यात
त्या पोरानं हातातलं काम न सोडता
आपला मळका बूट त्याच्यापुढं आडवा धरला.
ग्विलिमनं तो ओलांडला.
एवढंच.
दोघंही फुटबॉलबद्दलच बोलत होते.

बसमध्ये मी अर्ज काढला.
सतरावा प्रश्न.
लिहिलं: ‘तेवीस पट्ट्या आणि एक बूट.’
परत येईल.
मांडीवरचा पाव अजून गरम होता,
कागद थोडा तेलकट झाला.