मोजणी, वरच्या अंगाला

सकाळी साडेसहाला होडी पाण्यात ढकलली तेव्हा
शनाभाई माछी म्हणाला, "फणसेबेन, हात आत ठेवा."
एवढंच. सूचना संपल्या.
मांडीवर तक्ता, पेन्सिल सुतळीनं बांधलेली,
पुढे धैवत, गळ्यात दुर्बीण, डोळ्यांत अजून झोप,
आणि खाली विश्वामित्री,
दोनदा उकळलेल्या चहाच्या रंगाची.

कमाटीबागेजवळच्या पुलाखालून गेलो.
आयुष्यभर हा पूल मी वरूनच ओलांडला,
शाळेला, बँकेला, स्कूटरवर मांडीत डबा धरून.
कठड्याशी थांबून लोक मगर शोधतात,
त्या गर्दीत मीही कधी मान घातलेली.
आज तेच लोक वाकले होते
आणि बोट दाखवत होते आमच्याकडे.
पुलाच्या पोटावर कुणीतरी रंगानं आडवी रेघ ओढलेली,
शेजारी साल. साल पुसलंय, रेघ आहे.

"एक," धैवत म्हणाला. तो ओंडका निघाला.
"एक," पुन्हा म्हणाला,
आणि ह्या वेळी ओंडक्यानं डोळे मिटले.

इंजिन दोनदा बंद पडलं.
पहिल्यांदा दुधाच्या पिशव्या.
दुसऱ्यांदा पंख्याला गुंडाळलेली चुनरी,
लाल, जरीची किनार शाबूत.
शनाभाईनं ती सोडवली, पिळली,
झटकली,
काठावरच्या बाभळीवर वाळत घातली
घरचीच असल्यासारखी.

समा मागे पडलं तसं बोलणं कमी झालं.
नाले संपले, किंवा आमचं नाक दमलं.
काठ उंच होत गेले, काठांत बिळं,
बिळांच्या तोंडाशी माती गुळगुळीत,
पोटानं सारवलेली.
सहा. सात. मग वीतभर पिल्लू, दगडावर, ऊन खात.
"हे अर्धं धरायचं का?" मी विचारलं.
"बसमध्ये अर्धं," शनाभाई म्हणाला, "इथे दात पूर्ण."

गेल्या गणतीला दारात आलेल्या मास्तरांनी
मातृभाषा विचारली, तेव्हा आईनं मराठी सांगितलं
आणि त्याच दमात गुजरातीतून माझ्यावर ओरडली,
दूध उतू गेलं म्हणून.
मास्तर पेन उचलून तसेच थांबले होते.
हे आत्ता का आठवावं, पाण्यावर,
एरंडाच्या शेतांमधून जाताना, कुणास ठाऊक.

अकराच्या सुमारास कालवा आला.
आला म्हणजे समोर बांध आला.
नदी त्याच्या पायाखालून येते, तीन नळ्यांतून,
पंगत बसलेली असताना
मान खाली घालून मधून वाट काढावी तशी.
होडी तिथं संपते.

काटे टोचून घेत वर चढलो.
निळं, सरळ, फूटपट्टीनं आखलेलं,
नर्मदेचं पाणी. कुणाशी न बोलता चाललेलं.
वडील हिची लेव्हल घ्यायला यायचे,
तेव्हा इथं खुंट्या होत्या आणि चुन्याची एक रेघ.
कोसभरात वीतभर उतार, म्हणायचे,
डोळ्याला दिसत नाही, पाण्याला कळतो.
ते पाणी यायच्या आधीच रिटायर झाले.
मी वाकून हात घातला.
गार होतं. दुसरं काही सुचलं नाही.

धैवतनं हाक मारली.
बांधावरच्या धुळीत, दोन पाण्यांच्या मधोमध,
शेपटीची नागमोडी रेघ, दोन्ही बाजूंना पंजे,
मोटारसायकलच्या चाकोरीवरून गेलेली, म्हणजे रात्रीचीच.
बोटं कालव्याकडे.
चार पावलांवर दुसरी तशीच रेघ,
बोटं नदीकडे.

तक्त्यात रकाने दोनच आहेत, शनाभाई.
हिला कुठं लिहू?
त्यानं बिडी पेटवली, धूर खाली सोडला.
"रस्ता पर लखो ने, बेन."

लिहिलं. समासात, बारीक अक्षरात:
रस्त्यावर, एक, दिसली नाही.

परतताना इंजिन लागलंच नाही, प्रवाह नेत होता.
बाभळीवरची चुनरी वाळली होती.
शनाभाईनं होडी काठाला लावली,
घडी घालून ती पेटीत ठेवली,
पान्यांच्या वर.