शपथपत्र

पन्नासच्या स्टँपवर टायपिस्टनं काढून दिलं:
मी श्रीकांत, वडिलांचं नाव, राहणार कंपू, लश्कर,
शपथेवर सांगतो की माझी आत्या मथुरा वामन पागनीस
हिला मी कोणत्याही प्रकारची मदत करीत नाही.

कागद हिंदीत होता. मनातल्या मनात मराठी करत वाचला.
तिच्यासाठी एक खोटं बोलायचं, म्हणून आलो होतो
अर्धी रजा टाकून.
पुन्हा वाचला. त्यात खोटं काही नव्हतं.

शेजारी आत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत
आधार, समग्र, पासबुक, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला,
सगळं प्लास्टिकमध्ये, वरून रबरबँड.
जनकगंजात पिठाच्या गिरणीवर तिची खोली.
तो जिना चढून गेलेल्या प्रत्येक वस्तूवर
थोडं पीठ बसतं. दाखल्यावरही बसलं होतं.
बाबूनं फुंकर मारली.

कुशवाह बाबू वाईट माणूस नव्हता.
आधी तिला पाणी दिलं, मग प्रश्न.
मुलं? झाली नाहीत. जमीन? कुठली.
शिवणकाम? नजर गेली तसं तेही गेलं.
"अम्मा, कोई देखता है आपको?"

हे मी तिला स्कूटरवरच पढवलं होतं.
नाही म्हणायचं. नुसती मान हलवलीस तरी चालेल.
महिन्याचे सहाशे, तुझ्या हक्काचे.
ती मागे बसून हो हो करत होती,
लहान मुलाच्या गोष्टीला करतात तसं.

आणि आता तिनं माझ्याकडे बोट केलं.
"ये है ना. हाच बघतो सगळं.
दर संक्रांतीला गजक आणतो,
मुरैन्याची. मोठा डबा."

कुशवाहनं शपथपत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.
वर एकही दात नव्हता.
खाली दोन होते, तेही एकमेकांपासून लांब.
कधीपासून?

मग इथं होकार लिहावा लागेल, असं बाबू
हळू आवाजात म्हणाला, मला वाटतं दोनदा म्हणाला.
लिहा, आत्या म्हणाली.
ह, त्याला काना, वर चंद्रबिंदू. निळ्या शाईत.

बाहेर सीट तापून तवा झालेली. मी चिडलो.
स्टँपचे पन्नास, टायपिस्टचे तीस, माझी रजा,
सगळं तिला मोजून दाखवलं. हो, मोजून.
ती पदर डोक्यावर घेत म्हणाली,
"मला कुणी नाही, असा कागद करून घेऊ?
आणि ठेवू कुठं? ह्यांच्या दाखल्याशेजारी?"
मग बराच वेळ काही नाही.
मग, "सावकाश घे. बाड्याजवळ खणून ठेवलंय."

एक तारखेला मी गिरणीचा जिना चढलो.
सहाशे, पाकिटात घालून. तिनं दोनदा मोजले,
कोनाड्यातून वही काढली,
डोळ्यांजवळ धरून एक ओळ आखली.
"सही कर."

वरच्या ओळींत तिचं अक्षर,
वर्षागणिक मोठं होत आलेलं:
गजक. गजक. गजक.
एका वर्षापुढे नुसती रेघ.
त्या वर्षी आमच्याकडे बारसं होतं बहुतेक.
किंवा नसेलही.
मी विचारलं, इतके डबे खाल्ले कुणी?
"खालच्या गिरणीतली पोरं. त्यांना दात आहेत."

पुढच्या महिन्यात सहा दिवस उशीर झाला.
जिन्यातूनच कारणं सांगत वर आलो:
बँक बंद, मुलीची फी, सायलेन्सर.
"राहू दे रे," ती वही उघडत म्हणाली,
"सरकारी काम. चालायचंच."